पंधराच्या पंधरा बकऱ्या

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पण नुसता दगड म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे! माझ्या पाठीवर वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे आणि पोटावर नवकांकरीचा. कारेगावजवळच्या वस्तीवर तात्याबाच्या वडिलांनी पाथरवटाला एक घोंगडी देऊन मला घडवून घेतलं. तेव्हा त्यांच्या घरी मेंढरं होती. तात्याबा माझ्यासमोर रांगला, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो.

नवकांकरी सोपी. दोघांकडे नऊ-नऊ खडे, पोरं दोन दिवसांत शिकतात. वाघ-बकरी मांडली की मात्र घाम फुटतो. एकाकडे तीन वाघ, दुसऱ्याकडे पंधरा बकऱ्या. बकरीमागचं घर मोकळं दिसलं की वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. तिन्ही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. जाणते खेळाडू एखादी बकरी मुद्दाम वाघापुढे टाकून त्याला फसवतात. तात्याबाला ते कधी जमलं नाही. त्याची हयात मेंढरांमागे गेलेली. चिंचोक्याची बकरीसुद्धा त्याला वाघाच्या तोंडी देववत नसे. म्हणून तो वर्षानुवर्षं हरला. बायको अनसाबाई हसायची. तरी हा गडी रोज मला पुसून पुन्हा डाव मांडायचा. काय ती चिकाटी!

२००२ साली वस्तीवर नळ आला. धुण्यासाठी सपाट दगड हवा होता. तात्याबाचा भाचा संपत रांजणगावला कंपनीत कामाला होता आणि तिथे बुद्धिबळात पहिला यायचा. त्याची नजर माझ्यावर गेली. बुद्धिबळात चौसष्ट घरं, सहा तऱ्हेची मोहरी; हा तर पोराटोरांचा खेळ, असं तो म्हणाला. मी हबकलोच. ब्रश आणि धोपटण्याखाली माझ्या रेघा किती दिवस टिकणार?

तात्याबा म्हणाला, "वाघ तू घे. माझी एक जरी बकरी गेली, तर दगड उचल."

दुपारच्या शिफ्टची बस यायला तासभर होता. तात्याबाने घाई केली नाही. एकेक चिंचोका कडेकडेने ठेवला, प्रत्येकीच्या पाठीशी दुसरी. संपत आधी उभ्याउभ्या खेळत होता. मग बसला. मग पटावर वाकला. बुद्धिबळ खोल आहे, मी नाकारत नाही. पण तिथे दोन्ही फौजा सारख्या असतात. इथे एकाकडे दात आणि दुसऱ्याकडे नुसती संख्या. बाजू बदलली की सगळा विचारच बदलावा लागतो. फाट्यावर बसने हॉर्न दिला. संपत उठला नाही. तिसरा वाघ कोंडला, तेव्हा पटावर पंधराच्या पंधरा बकऱ्या होत्या.

"मामा, एखादं प्यादं तरी द्यावंच लागतं न्हवं?" संपतने विचारलं.

"राजाला चालत आसंल. मेंढक्याला न्हाई चालत."

त्या दिवशी संपतचा खाडा पडला. बकऱ्या मागून घेऊन तो पुन्हा खेळला आणि सात गमावून उठला. नळावर त्याने शहाबादी फरशी आणून टाकली.

तात्याबा गेल्या वर्षी गेला. मला फार चुकल्यासारखं होतं. मित्रांनो, तुमच्याही दारात असा एखादा पट असेल. त्याच्यावर कपडे आपटू नका, चिंचोके जपून ठेवा. आणि एखाद्या खेळाला सोपा म्हणण्याआधी त्यातली दुबळी बाजू घेऊन खेळून बघा.

संपत आता रोज मला पुसतो आणि बकऱ्याच घेतो. काल त्याच्या दोनच गेल्या.