हाताचा गुण

"पाय धर नीट, हालू दिऊ नको," असं म्हणत वच्छलाबाईनं चुलीत तापलेली सुई चिमट्यानं उचलली. मांडीवर शेजारणीचं पाच महिन्यांचं पोर होतं, हगवणीनं मलूल झालेलं. त्याचे पाय तिच्या लेकानं, अभिमननं धरले होते. तो पुण्याच्या कॉलेजातून दिवाळीला घरी आलेला, पुढं वकील होणारा. बेंबीभोवती चार डाग बसले, पोर किंचाळलं, त्याच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. वच्छलाबाईच्या हाताला गुण आहे, असं शिरपूरकडच्या दहा गावांत म्हणत. त्यासाठी तिनं कुणाची सुपारीसुद्धा घेतली नव्हती.

चौथ्या दिवशी ते पोर गेलं. वच्छलाबाई हळहळली आणि देवाची मर्जी म्हणून कामाला लागली. अभिमन मात्र ते चार दिवस त्या पोराजवळच बसून होता. नंतरची सगळी सुटी त्यानं गावातल्या लेकरांत घालवली. कुणाचे चिकटलेले डोळे धुवायचे, कुणाला उकळलेलं पाणी पाजायचं. लेकरंही त्याच्या मागं मागं फिरायची. कायद्याच्या वाटेवरचं हे पोर सुईणीचं काम करायला लागलं, अशी वच्छलाबाई त्याची थट्टा करायची. इतक्या खुशीत तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात तो आला तो आर्ट्स सोडूनच. सायन्सला नाव घातलं होतं, पुढं डॉक्टर होऊन लेकरांनाच तपासायचं म्हणाला. त्याच्या बापानं, धनसिंगआबांनी, लेक धुळ्याच्या कोर्टात काळा कोट घालणार म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं. ते भरल्या ताटावरून उठले. मग वच्छलाबाईनं विचारलं, हे खूळ डोक्यात आलं कुठून?

"माय, त्या पोरना पाय मी धरेल व्हतात," अभिमन म्हणाला. "त्याले पानी पाजाले जोयजे व्हतं. आपण डाग दिधा."

वच्छलाबाईला रागच आला. ज्यानं कालपर्यंत तिच्या हातचा घास खाल्ला, तोच तिला शिकवायला निघाला होता. तिच्या हातून बरी झालेली इतकी लेकरं अंगणात खेळतात, ती त्याला दिसत नाहीत का, असं तिनं बजावलं. तो पुण्याला परत गेला. बरी झालेली लेकरं तिला तोंडपाठ होती. गेलेल्यांची नावं आता एकेक करून आठवायला लागली.

पोळ्याच्या सुमारास गल्लीतली मंदाबाई तापलेलं पोर घेऊन आली. वच्छलाबाईनं सुई हातात घेतली नाही, शिरपूरच्या दवाखान्यात ने म्हणाली. लेक शिकला म्हणून हिला आमची पोरं जड झाली, असं मंदाबाईला वाटलं. ती शेजारच्या गावी गेली आणि दुसऱ्याच बाईकडून डाग देऊन आली. तिसऱ्या दिवशी पोर मान टाकायला लागलं तेव्हा ती पुन्हा वच्छलाबाईच्याच दारात उभी राहिली. वच्छलाबाई तिला वेडंवाकडं काही बोलली नाही. आबांनी कुणी न सांगता गाडी जुंपली.

दवाखान्यात डॉक्टरनं फडकं बाजूला केलं. डाग चिघळले होते. हे कुणी केलं, असं त्यानं चढ्या आवाजात विचारलं. मंदाबाईला मागं सारून वच्छलाबाई पुढं झाली.

"मी करं, साहेब. हाऊ मनाच हात शे."

हे आपल्याच हातचं, असं तिनं कबूल केल्यावर मंदाबाई खरं काय ते सांगायला गेली, तर वच्छलाबाईनं तिचं मनगट घट्ट दाबलं. डॉक्टर सगळ्या दवाखान्यादेखत तोंडाला येईल ते बोलला. असल्या बायांना तुरुंगात टाकलं पाहिजे, म्हणाला. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यानं पोराला आणि त्याच्या आईला आत घेतलं आणि हिला बाहेर काढलं.

ती गाडीच्या सावलीत जाऊन बसली. आतून पोराचं रडणं ऐकू येतं का, म्हणून दिवस कलेपर्यंत कान देऊन बसून राहिली.