शालीचा शेवटचा खांब

मी एक जुनी वही आहे आणि मला माणसांचा राग येतो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. तुम्हीही वह्यांचे कान मोडता आणि पानं फाडून नावा करता. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझी पानं चौकटींची. एका शाळकरी मुलीला गणितासाठी मला आणलं. तिने चार पानं खरडली आणि मला कपाटामागे टाकलं. तिथून तिच्या आईने मला उचललं. ही माझी बाई. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. क्रोशाची सुई तिच्या हातात लहानपणापासून होती, अक्षरं मात्र पन्नाशी उलटल्यावर आली, तीही लेकीच्या पुस्तकावरून. तोवर तिचे सगळे नमुने बोटांतच होते. आता तिला ते कागदावर हवे होते, आणि कागद म्हणजे मी.

मित्रांनो, एक शाल लिहायला तिने वर्ष घेतलं. ओळ विणायची, टाके मोजायचे, माझ्यावर लिहायचे. मग तीच ओळ उसवून लिहिल्याप्रमाणे पुन्हा विणायची. साखळीच्या टाक्याला गोल, खांबाच्या उंच टाक्याला उभी रेघ. चुकलं की रबराने अशी घासायची की माझी कातडी सोलवटून निघे. कधी हलक्या हाताने पुसलं असेल तर शपथ.

पलीकडच्या खोलीत तिची थोरली जाऊ राहायची. दर बुधवारी लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत ती क्रोशाचा वर्ग घ्यायची. दुकानाच्या मालकिणीने जाहीर केलं होतं की यंदा नवी शाल शिकवायची, आणि जिचा नमुना, तिची शिकवायची खुर्ची. माझ्या बाईला ती खुर्ची हवी होती. एकदा तरी आपण सांगतोय आणि बाकीच्या लिहून घेताहेत, हे तिला बघायचं होतं.

जाऊ हसली. "आधी स्वतःचं नाव न अडखळता लिही," म्हणाली, "मग जगाला शिकव." आठवडा गेला आणि तिच्या जिभेवर साखर आली. नुसती बघायला म्हणून तिने मला मागून नेलं. पिठाच्या डब्याखाली माझी पानं दाबून तीन दिवस नमुना उतरवून घेतला आणि दुकानात स्वतःच्या नावाने दिला. नमुना छापला गेला. बाईला कळलं तेव्हा तिने जावेला मोकळं सोडलं. मला मात्र ट्रंकेत कोंडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

दीड महिन्याने एका बुधवारी तिने मला बाहेर काढलं. पुरावा म्हणून मला मालकिणीपुढे ठेवायचं तिने ठरवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा मागच्या खोलीत कालवा चालला होता. बारा बायकांनी बारा शाली टेबलावर पसरल्या होत्या आणि एकजात सगळ्या वर निमुळत्या होत गेल्या होत्या. त्या बारांतली एक शिंपीणबाई म्हणत होती की ही शाल घ्यायची तर एक खांदा घरी ठेवून यावं लागेल. मालकीण जावेकडे बघत होती. जावेने दारात माझ्या बाईला पाहिलं आणि हात झटकले.

"नमुना माझा नाहीच मुळी," ती म्हणाली. "हिचा आहे. हिलाच विचारा."

हेच वाक्य ऐकायला तर बाई आली होती. पण आता एक 'नाही' म्हटलं असतं तर ती सुटली असती. बारा जणी तिच्याकडे बघत होत्या.

"हो," बाई म्हणाली. "माझाच आहे."

मग ती शिंपीणबाईशेजारी बसली आणि तिला एक ओळ विणायला लावली. शिंपीणबाई काठापर्यंत आली आणि वळली. काठाला मागच्या ओळीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या उभ्या असतात. त्यांच्या डोक्यावर अजून एक खांब घालायचा असतो. तो राहिला. बाईचा हात तो आपसूक घालायचा, म्हणून तिने कधी लिहिलाच नाही. जावेचाही हात मुरलेला, म्हणून तिचीही शाल सरळ आली. नवख्या हातांनी मात्र लिहिलं तेवढंच केलं. दर ओळीला एक खांब कमी.

बाईने मला टेबलावर उघडलं आणि समासात लिहिलं, "शेवटचा खांब मागच्या ओळीच्या साखळीच्या डोक्यावर घालावा." शिसपेन्सिलीचं टोक माझ्यात मोडलं. ते अजून रुतलेलं आहे. मग तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि बाराही जणींनी लिहून घेतलं. मालकीण जावेला एवढंच म्हणाली की नमुना कुणाचा ते तुम्हीच सगळ्यांदेखत सांगितलंत, आता खुर्चीवरून उठा.

जाऊ उठली. दोघी आजही बोलत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

बाई आता जाड पुठ्ठ्याच्या वहीत नमुने लिहिते. पाहुण्यांना लांबून माझ्याकडे बोट दाखवते, "ती माझी पहिली वही." उघडत कुणी नाही. परवा लेकीने माझ्या मागच्या पानावर साबणाची यादी लिहिली.

मित्रांनो, हाताला येतं ते कागदालाही कळतं असं समजू नका. पुरतं लिहा. दुसऱ्याचं उतरवून घेऊ नका, आणि घेतलंत तर चुकांसकट आपलं म्हणा. वहीला जपा. नाही जपलंत तरी माझ्या कडा अजून धारदार आहेत, आणि पानं उलटताना तुम्ही बोट ओलं करता.