अंगठाबहाद्दर

मी एक फळी बोलतेय. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डबे-बरण्या ठेवायची लाकडी फळी आली असेल. तशी मी नाही. मी प्लॅस्टिकची आहे, काचेसारखी आरपार, आणि पोटात थोडा निळा उजेड बाळगून असते. तो उजेड बाहेर यायला मात्र कुणीतरी आभाळातून यावं लागतं.

आभाळातून सतत काहीतरी पडत असतं. पाऊस नव्हे, पावसाच्या थेंबाहून कितीतरी बारीक असे कण. कुठून तरी फार लांबून आलेले किरण वरच्या हवेवर आपटतात आणि त्यांचे हे तुकडे खाली येतात. तुमच्या डोक्यातून, चहाच्या कपातून, झोपलेल्या बाळाच्या अंगातून ते जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. मला लागतो. कण माझ्यातून गेला की पापणी लवायच्या आत एक निळी ठिणगी पडते. माझ्या एका कडेला काचेची नळी चिकटवलेली असायची. ती नळी ठिणगी बघायची आणि मोजणीच्या पेटीत टिक वाजायचं. आमच्या जातीचं काम एवढंच.

आम्ही दोघी बहिणी. एकाच तक्त्यातून कापलेल्या, एकाच हाताने घासून चकचकीत केलेल्या. ती वरची, मी खालची. मी तिला ताई म्हणायची, कारण करवत आधी तिच्या अंगावरून फिरली.

आम्हाला गुंडाळायला आली ती दोघं तेव्हा विद्यार्थी होती. त्यांचं लग्न व्हायचं होतं. खरं तर तेव्हा नुसती भांडणंच चालली होती. आम्हाला बाहेरचा उजेड चालत नाही. सुईच्या अग्राएवढं भोक राहिलं तरी नळीला वेड लागतं आणि ती उगाच टिकटिकत बसते. म्हणून आधी चंदेरी कागद, वर काळा कागद आणि त्यावर काळी टेप. आणि सगळ्यात मोठा नियम असा की उघड्या फळीला उघड्या हाताने शिवायचं नाही. माणसाच्या हाताला तेल असतं. ते आज दिसत नाही, पण वर्षानुवर्षं प्लॅस्टिकला आतून खातं आणि बारीक चिरा पाडतं. म्हणून दोघांच्याही हातात सुती मोजे होते.

ती मला गुंडाळत होती, तो ताईला.

"दातांनी टेप तोडू नकोस," ती म्हणाली. "कड फाटते आणि उजेड शिरतो."

"कात्री सापडेपर्यंत तू म्हातारी होशील."

टेपचं टोक सापडेना म्हणून त्याने उजव्या हातातला मोजा काढला. तेवढ्यात ताई टेबलावरून घसरली. त्याने झडप घालून तिला पकडलं, तिच्या नळीकडच्या कोपऱ्याला, जिथून सगळा उजेड बाहेर पडतो नेमकं तिथे. उघड्या हाताने.

"अरे, मोजा!" ती ओरडली.

"मग काय पडू द्यायची होती?" त्याने घाईघाईने शर्टाच्या बाहीने तो कोपरा पुसला. "गेलं बघ. काही नाहीये."

तिने वाकून बघितलं, फळी तिरकी धरून बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. मग तिला हसू आलं. "एवढा शिकलास आणि सही केलीस ती अंगठ्याने! अंगठाबहाद्दर कुठला!"

दोघं हसत सुटली. हसता हसताच ताईवर चंदेरी कागद चढला, काळा कागद चढला, टेप फिरली, आणि तो अंगठा आत बंद झाला.

आमचं बिऱ्हाड एका डोंगराच्या पोटात पडलं. पाणी न्यायला खणलेला एक जुना बोगदा होता. पाणी कधीच दुसरीकडून जायला लागलं होतं. त्याच्या टोकाला विटांची एक खोली, एक स्टूल, एक किटली, ओल धरू नये म्हणून रात्रंदिवस तापणारी शेगडी. वर एवढा डोंगर असल्यामुळे चिल्लर कण वरच अडायचे, फक्त दमाचे खाली यायचे. ताई वर टांगलेली, मी तिच्याखाली हातभर अंतरावर.

आता महत्त्वाची गोष्ट सांगते. आमच्यातली एकटी कुणी टिक म्हणाली तर ते कुणी धरायचं नाही. नळ्या स्वतःशीच बडबडतात. आधी ताई आणि त्याच क्षणी मी, अशा दोघी बोललो तरच आभाळातून कुणी आलं असं मानायचं. त्या दोघांनी त्याला जोड म्हणायला सुरुवात केली. "जोड लागली का?" "लागली." बाकी सगळी टिकटिक केराच्या टोपलीत.

पुढे हाच शब्द त्यांच्या घरात गेला. त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, सगळीकडे जोड. "तुझी एकट्याची टिकटिक आहे ही," ती म्हणायची, "जोड नाही." बोगद्यात येतानाही दोघं काहीतरी वाद घालतच यायची आणि आमच्यापाशी पोचेपर्यंत मिटवायची. तिने रागावून काही म्हणायचं असलं की "अंगठाबहाद्दर" म्हणायची, लाडाने म्हणायचं असलं तरी तेच. मुलीला वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना असं म्हणतात.

आमच्याकडून त्यांना काय हवं होतं? उन्हाळ्यात वरची हवा फुगते, कण थोडे जास्त येतात. हिवाळ्यात थोडे कमी. हा चढउतार कितीतरी वर्षं न थांबता मोजायचा आणि त्याच्या आड आभाळ स्वतः काही बदलतंय का ते बघायचं. म्हणून त्यांनी एक नियम केला होता: बंद केलेली फळी उघडायची नाही, उघडली की साखळी तुटली. उघडायचीच झाली तर दोघांची जोड हवी.

वर्षं गेली. त्याचे केस पिकले, तिला चष्मा लागला, किटली तीनदा बदलली. आणि जोड कमी कमी लागायला लागली. उन्हाळे-हिवाळे होतेच, पण त्यांच्याखालून आकडा हळूहळू बसत चालला होता.

त्याला आनंद आवरेना. "आभाळाला ओहोटी लागलीये," तो म्हणायचा. "कुणीच एवढी वर्षं एका जागी बसून मोजलेलं नाही म्हणून कुणाला दिसलं नाही. आपण बसलो!"

ती आकडे परत तपासून बघायची. एकदा म्हणाली, "वरची उघडून बघू या का?"

"साखळी तुटेल."

"तुटू दे. फळीच म्हातारी झाली असली तर?"

"म्हातारी झाली तर दोघी होतील ना! खालची ठणठणीत आहे. मी नाही म्हणतोय. जोड नाही." आणि हसला. नियम त्यानेही केला होता, तिनेही. तिने विषय सोडून दिला.

मला ठाऊक होतं हो. मी खाली होते. कण यायचा, माझ्यात ठिणगी पडायची, आणि वर ताईच्या अंगातली ठिणगी त्या कोपऱ्यात येऊन धुरकट व्हायची, नळीपर्यंत पोचायचीच नाही. ताई बोलत होती, पण ते ऐकू जात नव्हतं. मी जिवाच्या आकांताने टिक म्हणायची. पण माझी एकटीची टिकटिक, ती धरणार कोण? आयुष्यभर मला जोडीने बोलायला शिकवलं होतं.

त्याने लेख लिहिला. त्याचं नाव पहिलं, तिचं दुसरं. लेख छापायला घेतल्याचं कळलं त्याच आठवड्यात, सकाळी दाढी करता करता तो खाली बसला आणि उठलाच नाही.

मग बोगद्यात ती आली ती लेकीला घेऊन. त्याचा स्वेटर, चष्म्याची जुनी काडी, किटली असं काय काय न्यायचं होतं. लेक घरांचे नकाशे काढायचं काम करते. तिला आमच्यातलं फारसं कळत नाही, पण बापाची लाडकी. तिने स्वेटर उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"मला वरची उघडायची आहे," आई म्हणाली. "एकटीने उघडता येत नाही. तू हो म्हण."

"हो, उघड. माझं काय विचारतेस?"

तिने मोजे चढवले. टेप निघाली, काळा कागद निघाला, चंदेरी कागद सुटला. मी कितीतरी वर्षांनी ताईचं अंग बघत होते. कोपऱ्यात बारीक बारीक चिरांचा एक अंगठा उमटला होता. वळसे सगळे जागच्या जागी होते, आणि त्याच्या कडेने धुकं पसरत गेलं होतं.

"अंगठाबहाद्दर," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

लेकीला आधी काही कळलं नाही. मग आईने सगळं सांगितलं: टेप, मोजा, घसरलेली फळी, शर्टाची बाही, बसत गेलेला आकडा, आणि पॉलिशने हे निघू शकतं तेही. लेक त्या अंगठ्याकडे बघत राहिली. हात लावायला गेली आणि थांबली.

"म्हणजे हे पॉलिशने घासून काढलं आणि तुझा आकडा वर आला तर..."

"तर ओहोटी आभाळाला नव्हती. फळीला होती."

"आणि बाबांचा लेख?"

"मागे घ्यावा लागेल."

"मग नको घासूस." लेकीचा आवाज चढला. "आई, त्यांचं शेवटचं आहे ते! लोक त्यावर त्यांचा फोटो छापणारेत. आणि हा त्यांचा अंगठा आहे, त्यांच्या हाताचं दुसरं काय राहिलंय आपल्याकडे? तू तो पुसणार? मी नाही म्हणतेय. जोड नाही."

आईने एवढंच म्हटलं, "बरं." ताईला काळ्या कपड्यात गुंडाळून ठेवलं आणि दोघी निघून गेल्या. किटली विसरल्या.

ते दिवस फार वाईट गेले. वर ताई नाही, मग मी कुणासाठी बोलायचं? कण येत होते, ठिणग्या पडत होत्या, टिक वाजत होतं आणि टोपलीत जात होतं. ती अधूनमधून यायची, स्टुलावर बसायची, माझी टिकटिक ऐकायची. लेखाचं छापणं तिने थोडं थांबवून ठेवलं होतं. एकटीने घासायला तिला कुणी अडवलं नसतं. बोगद्याची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. तरी तिने ताईला हात लावला नाही. मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची.

मग एका दुपारी लेक तरातरा आत आली. पाठोपाठ आई, धापा टाकत. लेकीने बाबांचा स्वेटर घातला होता, बाह्या दुमडून.

"मी लहान असताना आम्ही पत्ते खेळायचो," ती म्हणाली. "मी एवढीशी होते, तरी बाबांनी मला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही. आणि त्यांचं वाटताना चुकलं असलं की स्वतः जिंकत असले तरी डाव मोडायचे. म्हणायचे, पिसा, परत वाटू. मी चिडून रडायचे."

"तुझी आजी म्हणायची, पोरीला रडवायला याला पत्तेच लागतात."

"आई, आत्ता ते असते तर त्यांनी डाव मोडला असता ना?"

आई चष्मा पुसत राहिली.

"मग मोड," लेक म्हणाली. "हो म्हणतेय मी. आधी फोटो काढू."

"फोटो काढायचाच आहे," आई म्हणाली. "पुरावा आहे तो."

फोटो काढला. मग मोजे घालून, ओल्या फडक्यावर पॉलिश घेऊन ती तो कोपरा घासायला लागली. गोल गोल, न थांबता. आधी कडेचं धुकं गेलं. मग एकेक वळसा. शेवटी मधला तेवढा राहिला तेव्हा तिचा हात थांबला. लेकीनेही मोजा चढवला, आईच्या हातावर हात ठेवला, आणि दोघींनी मिळून तो काढला.

ताई परत गुंडाळली गेली, परत माझ्यावर टांगली गेली. नळी जोडली. आणि काय सांगू, पहिलाच कण आला आणि आम्ही दोघी एकदम बोललो! नंतर सारख्या बोलतच राहिलो. आकडा चढत चढत जुन्या जागी जाऊन बसला. आभाळ होतं तिथेच होतं. मला इतका आनंद झाला होता, आणि खाली स्टुलावर ती मोठ्याने रडत होती. लेकीने तिला जवळ घेतलं होतं. दोघींच्या रडण्यात आमची टिकटिक चालू होती, ती बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

लेख मागे घेतला. त्याच्या जागी काय चुकलं ते सांगणारं एक छोटं टिपण छापून आलं. त्यात त्याचं नाव पहिलं, तिचं दुसरं, आणि मधोमध त्या अंगठ्याचा फोटो. तिने ते पान बोगद्यात आणून मला दाखवलं, म्हणजे स्टुलावर बसून स्वतःच बघितलं. "शेवटची सहीसुद्धा अंगठ्यानेच केलीस," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र थोडी हसली.

त्यानंतर आम्ही दोघींनी काही वर्षं चांगली सेवा केली. मग ती निवृत्त झाली. बोगदा दुसऱ्या कुणाला हवा होता. आम्हाला उतरवलं, नळ्या काढून घेतल्या, कागदही काढले. आता आम्ही सामानाच्या खोलीत एका रॅकवर आहोत. जागा वाचावी म्हणून आम्हाला शेजारी शेजारी ठेवलंय. वरून येणारा कण एक तर तिच्यातून जातो नाहीतर माझ्यातून. दोघींतून नाही. बहीण इतकी जवळ कधीच नव्हती, आणि आमची जोड आता लागत नाही. ठिणग्या अजून पडतात. त्या बघायला कुणी नाही.

बोगद्याची किल्ली परत करायच्या दिवशी आई इथे आली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने आधी ताईच्या स्वच्छ कोपऱ्यावरून मोज्याचा हात फिरवला. मग माझ्यापाशी आली आणि उजव्या हातातला मोजा काढला. जिने आयुष्यात एकदाही मला उघड्या हाताने शिवलं नाही, तिने माझ्या नळीकडच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला, नीट दाबून, बराच वेळ. पुसला नाही.

अजून काही दिसत नाही. पण मला आत बारीकशी चुणचुण जाणवते. वर्षं जातील तशा चिरा उमटतील. कधी कुणाला माझी गरज लागली, मला रॅकवरून काढलंत, तर तुमच्या सवयीप्रमाणे मोजे घाला, धूळ झटका, हवं ते करा. फक्त त्या कोपऱ्यात पॉलिशचं फडकं नेऊ नका. आणि नेणं भागच पडलं, आकड्यासाठी, खऱ्यासाठी, तर आधी कुणाची तरी जोड घ्या आणि दोघांनी मिळून पुसा. तो एका अंगठाबहाद्दराच्या बायकोचा अंगठा आहे.