बिष्णू गेला

"आवं, पैसं न्हाईत म्हनतोय त्यो!" रजनीवैनी जिन्याखालून ओरडल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याचा मोबाईल, आणि मागोमाग भाजीवाला, पिशवीचं एक टोक धरून.

विष्णूआप्पा भट्टीपुढं बसले होते. मुशीतलं सोनं पाणी व्हायला आलं होतं. अशा वेळी देव जरी दारात आला तरी आप्पा उठत नसत.

"हाईत पैसं. त्याला म्हनावं नीट बग."

"त्यो काय बगनार? तुमचंच खातं गोठलंय म्हनं!"

"गोठलं?" आप्पांनी कपाळावरचा घाम पंचानं पुसला. "हितं मानूस इतळाया लागलंय, आन खातं कसं गोठलं?"

तेवढं बोलून ते परत मुशीकडे वळले. भाजीचे पैसे शेवटी मीच दिले. मी गुरुदत्त, माझा गाळा आप्पांच्या समोर. कलकत्त्यात, बऊबाजारच्या या बोळात आम्ही खानापूर तालुक्यातली माणसं गलाई करतो. म्हणजे सोनारांचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवून चोख करून द्यायचं. गावाकडच्या माळावर कुसळंसुद्धा विचार करून उगवतात, म्हणून आमचे बाप इकडे आले आणि आम्ही त्यांच्या मागून. या धंद्याला कागद नाही. सोनार येतो, सोन्याचा गोळा हातावर ठेवतो आणि निघून जातो. आमचा नेम एकच. दिवेलागणीच्या आत ज्याचं त्याला परत. परक्याचं सोनं रात्री गाळ्यात ठेवायचं नाही. आप्पा हा नेम इतका पाळत की एखादा सोनार संध्याकाळी न्यायला आला नाही, तर हे भर पावसात त्याच्या घरी जाऊन, त्याला जेवणावरून उठवून, सोनं हातात देऊन येत. लोक कंटाळले होते त्यांच्या प्रामाणिकपणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. मॅनेजर केतकीमॅडम पुण्याच्या, बदलीवर आलेल्या. मराठी कानावर पडल्याबरोबर त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, आणि मग वाईट बातमीही मराठीतच दिली.

"काका, तुमच्या आधार कार्डावर नाव आहे विष्णू जाधव. आणि आमच्याकडे खातं आहे बिष्णू जादब यांचं."

"त्यो मीच."

"कंप्युटरला तसं वाटत नाही ना."

झालं होतं असं, की आप्पा पहिल्यांदा इथं आले तेव्हा बंगाली बाबूनं नाव विचारलं. आप्पा म्हणाले विष्णू जाधव. बंगाल्यांच्या तोंडात व नाही, त्याचा ब होतो. बाबूनं बिष्णू जादब ऐकलं आणि तसंच लिहिलं. मतदार कार्डावर तेच, बँकेत तेच. सगळा बोळ त्यांना बिष्णूदा म्हणतो. आधार मात्र त्यांनी गावी, जत्रेला गेल्यावर काढलेलं, त्यामुळे तिथं शुद्ध विष्णू. इतकी वर्षं दोघं सुखानं एका अंगात नांदत होते. आता बँकेनं त्यांची वाटणी काढली.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रतिज्ञापत्र करा. इथून पुढे मी विष्णू जाधव, बिष्णू जादब हे नाव वापरणार नाही. खातं लगेच सुरू होईल."

वकिलानं आप्पांकडून ते तीनदा मोठ्यानं म्हणवून घेतलं. आप्पांनी ते भलतंच मनावर घेतलं, ते पुढं दिसलंच.

खातं सुरू झालं, पण खरी अडचण वेगळीच होती. घरमालकानं सांगितलं होतं, पुजोनंतर, म्हणजे दुर्गापूजेनंतर, या बोळात कोळशाची भट्टी चालणार नाही. विजेची आणा, नाहीतर गाळा सोडा. गाळा सोडायचा म्हणजे कलकत्ता सोडायचं. वैनींनी दोन रात्री भांडी जरा जास्तच जोरात घासली. तिसऱ्या दिवशी आप्पा कर्ज मागायला केतकीमॅडमपुढं बसले.

मॅडमनी बटणं दाबली. "काका, तुमची पतच दिसत नाही."

"दिसत न्हाई? म्याडम, बोळात कुनालाबी इचारा. किलोकिलो सोनं ठिवत्यात लोक माज्याकडं."

"तसं नाही. तुम्ही आजपर्यंत कर्ज घेतलं आणि फेडलं, असं कुठे दिसत नाही."

"फ्रिज घेतला हुता की हप्त्यावर! येक हप्ता चुकला न्हाई."

मॅडमनी परत बटणं दाबली आणि त्यांचा चेहरा पडला. "तो बिष्णू जादब यांनी घेतला होता."

तेवढ्यात आप्पांच्या खिशातला मोबाईल वाजला. मी वाचून दाखवलं. बँकेचाच संदेश होता. प्रिय बिष्णू जादब, आपली उत्तम पत पाहून आपल्यासाठी पाच लाखांचं कर्ज मंजूर आहे, फक्त बटण दाबा.

"दाबू का?" आप्पांनी विचारलं.

"अजिबात नाही!" मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "तुम्ही बिष्णू नाही असं लिहून दिलंय. तो गुन्हा होईल."

मला हसू आवरेना आणि आप्पांना रडू. ज्याला कर्ज हवं त्याला पत नाही, आणि ज्याला पत आहे तो माणूसच नाही.

मॅडम मनानं चांगल्या. त्यांनी वाट काढून दिली. आप्पांनी बँकेत ठेव ठेवायची, त्या ठेवीवर बँक त्यांना एक कार्ड देणार. कार्डावर काहीबाही घ्यायचं, बिल आलं की भरायचं, अशी काही महिन्यांत पत तयार होते.

"म्हंजे पैसं माजंच?"

"तुमचेच."

"आन मी माज्याकडनंच उसनं घ्यायचं?"

"हो."

"आन माजं मलाच फेडलं, की तुमी मला चांगला मानूस म्हननार?"

"हो," त्या म्हणाल्या, "असंच आहे ते."

आता कार्डावर घ्यायचं काय? बोळात कार्डाचं यंत्र एकाच दुकानात होतं, तोंडावरच्या घोषबाबूंच्या मिठाईच्या. झालं, रोज सकाळी रसगुल्ले. बाकीच्या बायका पतीसाठी उपास करतात, वैनी पतीची पत वाढावी म्हणून रसगुल्ले खात होत्या. उरलेले माझ्याकडे यायचे. वैशाखात अंगाला चिकटणारी ती कलकत्त्याची हवा, वर भट्टीची धग, आणि त्यात हा पाक. बोळातल्या मुंग्यासुद्धा सुस्तावल्या. मी दोन भोकं पुढं जाऊन पट्टा बांधायला लागलो, पण कुणाच्या पतीचा प्रश्न असल्यावर नाही कसं म्हणणार?

आषाढाच्या पावसात आम्ही मोठ्या आशेनं बँकेत गेलो. मॅडमनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुम्ही पैसे भरता कधी?"

"त्याच दिशी. दिवेलागनीच्या आत. गुरुदत्त भरतोय मोबाईलवरनं."

खरंच होतं ते. रोज संध्याकाळी आप्पा माझ्या गाळ्यात यायचे. गुरू, त्येवढं रसगुल्ल्याचं भागीव, म्हणायचे, आणि पैसे गेल्याचा आवाज आला की मगच दिवा लावायचे.

"अहो, बिल तयार व्हायच्या आतच भरून टाकता तुम्ही! दर महिन्याला बिल शून्याचं. कंप्युटरला वाटतं, या माणसानं काही घेतलंच नाही. थोडे दिवस बाकी ठेवायला शिका."

आप्पा ताठ झाले. "म्याडम, आमी गलाईवालं. लोकाचं येक रातबी ठेवत न्हाई."

"लोकांचं कुठाय? तुमचंच आहे!"

"माजं आसलं तरी बाकी ती बाकीच की."

वैनीही आमच्याबरोबर आल्या होत्या. "आवं," त्या म्हणाल्या, "पुजोला तीन म्हयनंबी न्हाईत. गावाकडं जाऊन कुसळं इतळवनार हाय का? ठिवा की बाकी! मी सांगतीया, ठिवा!"

आप्पा बाकी ठेवायला लागले. एखाद्याला दारूची सवय लावावी तशी आम्ही त्यांना उधारीची सवय लावली. पहिल्या संध्याकाळी ते तीनदा माझ्या गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि परत गेले. जेवण गेलं नाही. माणूस खरंच खंगला, रसगुल्ले खाऊन खंगला. मला फार वाईट वाटलं. पण दोन बिलं आली, दोन्ही मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरली, आणि मॅडमचा फोन आला. पत उगवली. फार नाही, पण कर्जापुरती. आता फक्त बँकेचा माणूस पत्ता तपासायला येईल.

तो आला महालयाच्या, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या, आदल्या दिवशी. बंगाली पोरगा, छत्री काखेत. मी तेव्हा बाजारात होतो, इथंच चूक झाली. आप्पा भट्टीपुढं, तोंड काळंठिक्कर, मूस भरात आलेली.

"बिष्णू जादब?" पोरानं दारातून विचारलं.

त्याच्या कागदावर स्वच्छ विष्णू जाधव होतं. पण तो बिचारा बंगाली, तो दुसरं काय म्हणणार? आणि आप्पांनी वकिलापुढं तीनदा शपथ घेतलेली. त्यांना वाटलं, परीक्षा आहे.

"बिष्णू न्हाई हितं," ते मुशीवरची नजर न काढता बंगालीत म्हणाले. "बिष्णू गेला."

"गेला? कधी?"

"उन्हाळ्यात. कोर्टाच्या कागदावर हाय."

आपल्यात गेला म्हणजे जे समजतात, बंगालीतही तेच समजतात. पोरानं हात जोडले, मोबाईलमध्ये नोंद केली आणि खिन्न होऊन घोषबाबूंच्या दुकानात पाणी प्यायला बसला. तिथं त्यानं विचारलं, बिष्णू जादब कशानं गेले?

घोषबाबूंच्या हातातला झारा पाकात पडला. "बिष्णूदा गेले? सकाळी तर चार नेले!"

मी बाजारातून परतलो तेव्हा अर्धा बोळ आप्पांच्या दारात होता. घोषबाबू रडत होते. कुणीतरी रजनीगंधाचा हार आणला होता. वैनी वर कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी खाली गर्दी बघितली, हार बघितला, आणि किंचाळत जिना उतरल्या. आप्पा आतून सोनं ओतून, चिमटा हातात घेऊन बाहेर आले.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

सगळे हाराकडे बघायला लागले. शेवटी घोषबाबूंनी, आणलाय तर, म्हणून हार त्यांच्याच गळ्यात घातला आणि त्यांना मिठी मारली.

"हेच बिष्णूदा!" सगळा बोळ त्या पोराला सांगायला लागला.

"मी बिष्णू न्हाई!" आप्पा ओरडले. "मी विष्णू! व! व!"

"मीही तेच म्हणतोय," पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला. "बिष्णू!"

वैनींनी आप्पांच्या हातातला चिमटा काढून घेतला. "ह्योच बिष्णू आन ह्योच इष्णू," त्या पोराला म्हणाल्या. "दोगांचा सौंसार मी येकटीनं केलाय. लिव्ह!"

ते मराठीत होतं, पण हातात चिमटा होता. पोरानं लिहिलं. अर्जदार हयात आहे, शेजारी ओळखतात. मग पुराव्यासाठी फोटो काढला. बँकेच्या कागदांत आप्पांचा तो फोटो अजून आहे, तोंड काळं, गळ्यात हार, बाजूला रडणारे घोषबाबू.

पुजोच्या आत विजेची भट्टी आली. धूर नाही, राख नाही, गाळा राहिला. वैनींनी तिला हळदकुंकू लावलं. संध्याकाळी दिवेलागणीला मी सहज गेलो, तर आप्पा दिवा न लावताच बसलेले. दिवसभराचं सगळं सोनं ज्याचं त्याला गेलं होतं. पण समोर भट्टी होती, आणि कर्ज फिटेपर्यंत, पाच वर्षं तरी, ती त्यांची होणार नव्हती.

"लावा की दिवा," मी म्हणालो.

"लावतो," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.

मोबाईल वाजला. मी वाचून दाखवलं. प्रिय बिष्णू जादब, आपल्यासाठी आता सात लाखांचं कर्ज मंजूर आहे.

आप्पांनी त्या भट्टीवरून पंचा फिरवला.

"गुरू, लिव्ह त्यास्नी," ते म्हणाले. "म्हनावं, बिष्णू गेला. कुनाचं काय बी न ठिवता गेला. सुकी हुता बिचारा."