आईचा उजवा हात

अकराव्या वर्षी तिने यो-यो हातात घेतला, तो एकतिसाव्या वर्षापर्यंत खाली ठेवला नाही. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या, संध्याकाळी सराव. राष्ट्रीय स्पर्धेत ती चार वेळा दुसरी आली होती. वहिनी म्हणायची, "लग्नालाही नाही, पहिल्या नंबरालाही नाही. कशाला तरी हो म्हण बाई!" आणि दोघी हसत सुटायच्या.

मग आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. कोणीतरी जवळ हवं म्हणून ती आईच्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी सराव करू लागली.

एका दुपारी दोरी गुंडाळताना तिचं लक्ष गेलं. आई गाढ झोपली होती आणि तिचा निकामी उजवा हात चादरीवर हलत होता. मनगट झटकलं, तळवा वळला, बोटं उघडली, मिटली. यो-यो फेकून झेलणाऱ्याचा हात होता तो. पण असं खेळताना तिने आजवर कोणालाच पाहिलं नव्हतं.

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तिने विचारलं. "येतात असे झटके," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या बोटाला टाचणी टोचून दाखवली. बोट ढिम्म हललं नाही.

ती रोज बघू लागली. हात जे करी ते ती दोरीवर उतरवून घेई. एकेका वळणाला आठवडा जाई, पण दोरी नेमकी बसली की अंगावर काटा येई. दीड मिनिटाचा खेळ बसला आणि त्या जोरावर ती राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आली. प्रेक्षकांतला दादा आनंदाने स्टेजवर चढायचाच काय तो बाकी होता.

घरी येऊन तिने पदक आईच्या उशाशी ठेवलं. आईने तिकडे बघितलंही नाही.

"झाक," ती म्हणाली.

"काय झाकू, आई?"

"हात. माझा... नाही गं तो. झोपेत... ओढतो मला."

तिने चादर ओढली. पण जागतिक स्पर्धेला दोनच महिने उरले होते. तिथे तीन मिनिटं खेळायचं होतं आणि तिच्याकडे निम्माच खेळ होता. आईचा डोळा लागला की ती हळूच चादर सरकवी. हात चालू होई आणि आईच्या चेहऱ्याचा रंग उतरत जाई. जागी झाल्यावर आईचे शब्द आणखी कमी झालेले असत. एक दिवस आईने तिला विचारलं, "तू... कोण?"

त्या दुपारी ती जिन्यात जाऊन बसली. पुन्हा तिने तो हात बघितला नाही.

जागतिक स्पर्धेत तिने निम्मा तो खेळ केला, निम्मा आपला जुना. बाविसावा नंबर. खेळ संपवून ती प्रेक्षकांत येऊन बसते तोच एक अठराएक वर्षांची परदेशी मुलगी स्टेजवर आली. डावखुरी. मुलीच्या पहिल्याच फेकीला ही खुर्चीतून उठली. हिचा खेळ जिथे तुटला होता तिथूनच मुलीने सुरुवात केली होती. तीच लय, तीच वळणं. टाळ्यांनी हॉल दणाणला.

मुलगी स्टेजमागच्या पायरीवर पाणी पीत बसली होती.

"हे कोणी शिकवलं तुला?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मुलीने बाटलीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा अंथरुणाला खिळलेत. त्यांची डावी बाजू गेलीय."

"बोलतात?"

"गेल्या महिन्यापासून नाही." मुलगी एकदम उठली. "मघाशी तुमचा खेळ बघून वाटलंच होतं. सुरुवात तुमच्याकडे होती तर! दोन वर्षं शोधतेय मी. एकदा सलग करू या? आधी तुम्ही, मग मी."

हिने दोरीचा फास बोटात अडकवलाही. तेवढ्यात तिला दिसलं, मुलीचा डावा हात खाली लोंबत होता आणि त्याची रिकामी बोटं आपोआप उघडत-मिटत होती. मुलीला त्याचा पत्ताही नव्हता.

तिने फास काढला. "घरी जा," ती म्हणाली, "आजोबांजवळ बस."

"एकदाच! सुरुवात तेवढी दाखवा ना!"

ती चालू लागली. मागे दोरी सुटल्याचा सरसर आवाज आला, तरी तिने वळून बघितलं नाही. स्पर्धा तिने त्याच दिवशी सोडल्या. आईचे शब्द पुढच्या वर्षभरात एकेक करून परत आले.