उताराचा वारा

क्लिफर्डने खिशातून वारा पाहायच्या पावडरची बाटली काढून दाबली. पांढरी फुंक क्षणभर अधांतरी राहिली, मग खालच्या दलदलीकडून टेकाडावर, त्या जाडजूड मेपलच्या दिशेने सरकत गेली.

"बघा पापा! वारा वर येतोय. मचाण या मेपलवर बांधू, आमिषाचं पिंप खाली ओढ्याकाठी. अस्वलाला आपला वास लागायचा प्रश्नच नाही."

त्याचा सासरा ओव्हिला आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसून गुडघा चोळत होता. जागा वाईट नव्हती, हे त्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. पाणी हाताशी होतं, झाडी दाट होती, बीचच्या झाडांच्या बुंध्यांवर नख्यांचे ताजे ओरखडे होते. उघड्यावर न येता अस्वल थेट पिंपापर्यंत आलं असतं. पण जावयाने वारा पाहिला होता तो सकाळचा. अस्वल येतं संध्याकाळी. ऊन उतरलं की टेकाडावरची गार हवा खाली घसरायला लागते आणि मचाणावरच्या माणसाचा घाम, साबण, तंबाखू सगळं घेऊन दलदलीत उतरते. समुद्राकाठच्या सपाट मुलखात वाढलेल्या क्लिफर्डला हे कोण सांगणार?

सांगायला ओव्हिलाने तोंड उघडलंही होतं.

"जरा थांब. हा वारा..."

"तुम्ही बसा हो निवांत," क्लिफर्ड झाडाला खुणेची फीत बांधत म्हणाला. "गुडघा सांभाळा. जागेचं मी बघतो."

ओव्हिलाने तोंड मिटलं. बघ बाबा, तूच बघ.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडच्या या जंगलात त्याची हयात गेली होती. शिकाऱ्यांचा तळ त्याने उभा केला, केबिनी त्याने बांधल्या. गुडघा गेला आणि जावई आला. वसंतात क्लिफर्डने फाट्यावरची पाटी रंगवली, तेव्हा तिच्यावरचं 'डेगल' हे ओव्हिलाचं आडनाव उडालं. आमिषाची जुनी जागा तर लाकूड कंपनीने झाडं तोडून भुईसपाट केली होती. गेल्या हंगामात निम्मे शिकारी हात हलवत परतले. यंदाही तसंच झालं तर तळाला कुलूप लावायचं, हे जिनेटने, त्याच्या लेकीने, जेवताना सरळच सांगून टाकलं होतं. आज जागा बघायला निघताना ओव्हिलाने मुद्दाम जुनी टोपी शोधून घातली. आपल्याला विचारतील, असं त्याला वाटलं होतं. कसलं काय!

दुपारभर तो तळावर बटाटे सोलत बसला. सांगावं, असं दोनदा मनात आलं. मग क्लिफर्ड फोनवर कुणाला तरी म्हणाला, "यंदा जागा मी स्वतः निवडलीय," आणि म्हाताऱ्याने पुढचा बटाटा उचलला.

संध्याकाळी तिघं पिंप घेऊन पुन्हा तिथं आले. क्लिफर्डने ते साखळीने झाडाला बांधलं. जिनेटने त्यात शिळे डोनट ओतले, वरून काकवी आणि हॉटेलातलं जळकं तेल.

"आणखी एक बादली आणतो," म्हणत क्लिफर्ड खाली गाडीकडे गेला.

जिनेटने बापाचा दंड धरला आणि त्याला हळूहळू वर मेपलपाशी आणलं. मग पिशवीतून पत्र्याची पट्टी काढली. आमिष लावणाऱ्याचं नाव तिथं टांगावंच लागतं, तसा कायदाच आहे. पट्टीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ओव्हिला डेगल.

"चार दिवस भांडले क्लिफर्डशी," ती म्हणाली. "म्हटलं, पाटीवरून घालवलंस ते घालवलंस, पण या हंगामाची पहिली जागा पापांच्या नावाने लागेल. शेवटी ऐकलं एकदाचं. दुपारपासून तर तोच शिकाऱ्यांना सांगत सुटलाय, म्हातारबुवांनी पास केलेली जागा आहे म्हणून. खूश ना?"

काहीतरी करायला हवं म्हणून ओव्हिलाने पाइप पेटवला.

धूर वर गेलाच नाही. ओठांपासून निघाला, वाकला आणि उतारावरून सावकाश खाली निघाला. पिंपावरून, ओढ्यावरून, दलदलीत.

जिनेट बघत राहिली. तिला वारा वाचायला याच माणसाने शिकवलं होतं, ती त्याच्या खांद्यावर बसून जंगलात यायची तेव्हा.

"सकाळी तुम्ही इथंच होतात ना?"

"होतो."

"आणि बोलला नाहीत."

"मला कुणी विचारलं नाही."

तिने पट्टी बुंध्यावर टेकवली. "धरा," म्हणाली. त्याने धरली. तिने खिळा ठोकला. दुसरा ठोकताना हातोडी त्याच्या बोटांच्या इतक्या जवळून गेली की त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात क्लिफर्ड बादली रिकामी करून धापा टाकत वर आला. पट्टी पाहून हसला. कपाळावरचा घाम पुसत, जरा अवघडूनच म्हणाला,

"पापा, एक राहिलंच. सकाळी मी आपला घाईघाईत ठरवून मोकळा झालो. तुम्हाला कशी वाटते जागा? खरं सांगा हं."

आता विचारत होता. दिवसभर ज्याची वाट पाहिली ते हेच, इतकंच. जिनेट हातोडी हातात घेऊन उभी होती, बापाच्या तोंडाकडे बघत. पाइप विझला होता. खरं सांगायचं म्हटलं तर सकाळपासून गप्प का बसलो, हेही सांगावं लागलं असतं.

"बरी आहे," ओव्हिला म्हणाला.

"झालं तर मग!" क्लिफर्डने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शीळ घालत उतरू लागला.

उतारावर जिनेट नेहमी बापाला हात द्यायची. आज तिने हातोडी रिकाम्या बादलीत टाकली, बादली उचलली आणि मागे न बघता नवऱ्यामागून चालू लागली.

"जिनेट," त्याने हाक मारली. "पोरी, गुडघा..."

ती थांबली नाही. ओव्हिला बुंधा धरून उभा राहिला, स्वतःच्याच नावावर तळहात टेकून. खाली झाडीतून क्लिफर्डची शीळ ऐकू येत होती, मध्येच जिनेटचा हलका आवाज.

मग शीळ थांबली.