सोडणारा हात

तीन महिन्यांनी प्लॅस्टर कापले, तेव्हा रंगनाथला आपलीच डावी मांडी ओळखू आली नाही. रूळ अंगावर पडून मोडलेले हाड सांधले होते. पण त्याभोवतीचे मांस कुणीतरी रोज थोडेथोडे काढून नेल्यासारखे नाहीसे झाले होते. पेडगावच्या स्टेशनापासून सेलूच्या दिशेने रोज मैलोन्‌मैल रूळ तपासत चालणारा हा गँगमन आता उंबरा ओलांडतानाही चौकट धरत होता. दोन महिन्यांनी परभणीला रेल्वेच्या डॉक्टरांपुढे वीस बैठका काढून दाखवायच्या होत्या. नाही जमल्या तर रूळ सुटणार होते, आणि बायको रुख्मिणी गेल्यापासून ते चालणे एवढेच त्याच्यापाशी उरले होते.

"आताच बैठका काढशील तर हाड पुन्यांदा मोडून घेशील," तात्याराव म्हणाले. सेलूच्या तालमीत तीस वर्षे पोरे घडवलेला हा वस्ताद आता गावात लिंबाखाली बसून असे. "वजन उचलायचं न्हाई. नुस्तं बाजंवर बसायचं आन् उठायचं. पर मांडी बांधून."

"बांधून?"

"सायकलची ट्यूब. जांघेखाली, रगत अडंल पर थांबणार न्हाई इतपत. पावलावरची नाडी बोटाला लागली पायजे. माजा गुडघा गेला तवा मी असाच पाय भरून आणला. रगत अडलं की हलकी मेहनत बी भारी पडती. का, ते मला इचारू नको. मी पैलवान हाय, डाक्टर न्हाई."

तात्यारावांनी ट्यूबची पट्टी मांडीभोवती फिरवली मात्र, रंगनाथने ती हिसकावून दूर भिरकावली. मग तो खाली मान घालून बसला. वस्तादांनी पट्टी उचलून धूळ झटकली आणि काही विचारले नाही. गावात ते कोणालाच विचारावे लागत नव्हते.

दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या रानात रुख्मिणीच्या पायाला साप चावला होता. रंगनाथने बैलाचा कासरा तिच्या मांडीला करकचून आवळला आणि तो परभणीकडे जीप आणायला धावला. जीप मिळेपर्यंत दिवस कलला. रुख्मिणीची आई सरजाबाई तेवढा वेळ लेकीचे डोके मांडीवर घेऊन बांधावर बसून होती. रुख्मिणी विनवत राहिली, "सोड गं आई, लय आवळलंय." पण सापाची गाठ ज्याने बांधली त्यानेच सोडायची, दुसऱ्याचा हात लागला की विष वर चढते, अशी गावाची समजूत. म्हातारीने हात आवरून धरले. रंगनाथ परतला, तेव्हा पाय काळानिळा पडला होता. चौथ्या दिवशी रुख्मिणी गेली. पुढे कुणीतरी सांगितले की लोकांनी मारलेला तो साप दिवड होता. पाण्यातला, बिनविषारी.

त्यावर घरात एक शब्द निघाला नाही. सरजाबाई त्याची मामीही होती. ती भाकरी थापी, तो जेवे. मधल्या शांततेत ती गाठ तशीच पडून होती.

"एक ध्यानात ठेव," निघताना तात्याराव म्हणाले. "बांधणारा एक आन् सोडणारा दुसरा. मेहनतीत माणसाला भान राहत न्हाई. घरी कोन हाय?"

"मामी."

वस्तादांनी पट्टी गुंडाळून त्याच्या हातात दिली. "मंग तिलाच सांग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथने स्वतःच्या हाताने पट्टी बांधली आणि पावलावरची नाडी चाचपली. होती. दूर, पण होती. सरजाबाई चुलीपुढून उठून दाराशी आली. मांडीवरची ती काळी गाठ तिने पाहिली.

"हे काय करायलास रं?"

"पाय भरून येतो म्हनं. तीस डाव उठायचं. मंग तुमी सोडायचं."

"मी?"

"वस्ताद म्हनले, बांधनाऱ्यानं सोडायचं न्हाई."

तो उठू-बसू लागला. दहापर्यंत काही वाटले नाही. पंधराव्याला पाय जड झाला. विसाव्याला मांडीत निखारे पसरू लागले, कातडी ताणून तापली, पावलाला मुंग्या आल्या. तेव्हा त्याला कळले की रुख्मिणी त्या बांधावर असाच पाय घेऊन पडली होती. याहून कितीतरी घट्ट, आणि एक-दोन पळे नव्हे तर अर्धा दिवस. पंचविसाव्याला त्याच्या तोंडून कण्हणे निघाले. त्याला ते स्वतःचे वाटले नाही.

"सव्वीस," सरजाबाई म्हणाली. ती मोजत होती, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते. तिचे हात पदरात एकमेकांना आवळून बसले होते, त्या दिवशी बसले असतील तसे.

तिसाव्याला तो बाजेवर कोसळला. "मामी," एवढेच म्हणाला.

म्हातारी गुडघ्यांवर बसली. गाठ साधी होती, एका ओढीने सुटणारी. तरी म्हातारीची बोटे गाठीशी झगडत राहिली. पट्टी सैल झाली आणि अडलेले रक्त मांडीतून पोटरीत, पोटरीतून पावलात ऊन लोटासारखे उतरले. सरजाबाईने त्याच्या पावलावर बोट टेकवले. नाडी जोरात उडत होती.

"सुटलं गं बाय," ती पावलाकडे बघत हळू म्हणाली. "बघ, सुटलं."

रंगनाथने पाय हलवला नाही. वस्तादांनी सांगितलेले आणखी तीन फेरे बाकी होते. म्हातारीचे बोट बाजूला होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मग त्याने पट्टी उचलली, आणि बांधण्याआधी ती तिच्या हातात दिली.

"आता तुमी बांधा," तो म्हणाला. "मी सोडतो."